कॉम्प्रेशन वाढवण्यापूर्वी मोजा, आणि मोजणीचे दाम घ्या

आमच्या धंद्यात ‘कॉम्प्रेशन’ या एका शब्दाने जेवढा घोटाळा केला आहे तेवढा दुसऱ्या कोणत्याही शब्दाने केला नसेल. शहापूरकडचा दूधवाला बुलेट ढकलत आणतो आणि म्हणतो, ‘‘चाचा, कॉम्प्रेशन गेलंय, वाढवून द्या.’’ त्याच्या म्हणण्याचा अर्थ एवढाच की रिंगा झिजल्या आहेत किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नाही, म्हणून किक हलकी लागते. मुंबईचा हौशी मालकही तेच शब्द वापरतो, पण त्याला हवा असतो कॉम्प्रेशन रेशो. पिस्टन तळाशी असताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा असते आणि पिस्टन वर गेल्यावर जेवढी उरते, त्या दोन जागांचे ते प्रमाण. पहिल्याचे काम म्हणजे दुरुस्ती, गेलेले परत आणणे. दुसऱ्याचे काम म्हणजे कारखान्याने ठरवून दिलेला आकडा आपल्या जबाबदारीवर बदलणे. दोघांना आपण एकच उत्तर देतो, ‘‘होऊन जाईल, ठेवून जा.’’ माझी तक्रार या उत्तराबद्दल आहे, आणि ती प्रथम स्वतःविरुद्ध आहे.

मी खडवलीला लेथ चालवतो. कसारा लाईनवर टिटवाळा सोडले की आमचे स्टेशन. बाहेरच्यांना हे गाव भातसा नदीवरच्या सहलीपुरते ठाऊक असते. धंद्याच्या दृष्टीने त्याची जागा मात्र बरी आहे, कारण पडघ्याला मुंबई–नाशिक महामार्ग हाताशी लागतो आणि कल्याण, भिवंडी दोन्ही बाजार जवळ. ट्रॅक्टर, पाण्याचे पंप, बुलेट, जुन्या जीपा यांवर माझे घर चालले. अलीकडे मात्र एक नवे गिऱ्हाईक येऊ लागले आहे. मुंबईत जुन्या मोटारी नव्याने उभ्या करणारे जे गॅरेजवाले आहेत, ते शहरातल्या जागेच्या भाड्याला आणि मशीन शॉपच्या रांगांना कंटाळून इंजिनाचे भाग आमच्यासारख्यांकडे पाठवतात.

पावसाळा संपल्यावर अशाच एका गॅरेजवाल्याने १९७८ सालच्या पोर्श ९११ एससीचे सहा सिलिंडर, सहा पिस्टन आणि सहा हेड टेम्पोतून आणले. तीन लिटरचे, हवेवर थंड होणारे, तीन सिलिंडर एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला आडवे असलेले हे इंजिन. सोबत मालकाची चिठ्ठी होती: कॉम्प्रेशन साडेदहा करावे, पैशाची चिंता करू नये. माझा पुतण्या खुशीत आला. मोठे काम, मोठे नाव. मी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली, कारण मला पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची एक बुलेट आठवली.

ती गोष्ट आधी सांगून टाकतो. त्या काळी मी कुर्ल्याला उस्तादांच्या हाताखालून सुटून नुकतेच स्वतःचे दुकान टाकले होते. एका ओळखीच्या माणसाने बुलेट ५०० आणली आणि म्हणाला, कसारा घाट तिसऱ्यावर चढली पाहिजे. मी भंगार बाजारातून उंच डोक्याचा एक पिस्टन आणला, सिलिंडरचा खालचा काठ लेथवर दीड मिलिमीटर उतरवला, आणि पॅकिंगही पातळ टाकले. मोजले काहीच नाही. उस्ताद नजरेने करत, म्हणून मीही नजरेने केले. पण उस्तादांच्या नजरेमागे चाळीस वर्षे होती, माझ्या नजरेमागे चार, हे माझ्या ध्यानात आले नाही. गाडी दुकानासमोर अशी काही पळाली की आजूबाजूचे लोक बघायला उभे राहिले. पुढच्या रविवारी ती बायको-पोराला घेऊन घाटात गेली. मे महिना, मागे वजन, टाकीत ८७ ऑक्टेनचे पेट्रोल, आणि टायमिंग जुन्याच ठिकाणी. अर्ध्या घाटात पिस्टनच्या डोक्याला चवलीएवढे भोक पडले. गाडी टेम्पोत परत आली. नवा पिस्टन, रिबोअर, बेअरिंग सगळे मी पदरचे घातले, आणि तरी तो माणूस पुन्हा माझ्या पायरीवर चढला नाही. नंतर रिकाम्या वेळी मी ते हेड आणि सिलिंडर मोजले, तर कारखान्याचा साडेसहाचा रेशो मी नवाच्या जवळ नेऊन ठेवला होता.

आता हिशेब पाहा. बुलेट ५०० चा बोअर ८४ मिलिमीटर आणि स्ट्रोक ९०, म्हणजे पिस्टन ४९९ सीसी जागा झाडतो. ९११ एससीचा बोअर ९५ आणि स्ट्रोक ७०.४, म्हणजे एका सिलिंडरला तेवढेच, ४९९ सीसी. योगायोग आहे, पण शिकवण्याच्या कामाचा आहे. जुन्या लोखंडी बुलेटचा रेशो ६.५, म्हणून पिस्टनच्या वर ९०.७ सीसी जागा उरते. १९७८ च्या एससीचा रेशो ८.५, म्हणून तिथे ६६.५ सीसी उरते. साडेनऊ हवे असतील तर ५८.७ सीसी उरवावी लागेल, आणि साडेदहा हवे असतील तर ५२.५. म्हणजे साडेआठवरून साडेदहावर जाणे हा चौदा सीसीचा मामला आहे. खोकल्याच्या औषधाचे तीन चमचे भरतात त्याहूनही कमी. या चौदा सीसीवर लाखो रुपयांचे इंजिन टिकते किंवा जाते, आणि आपण ते नजरेने करू पाहतो.

हे चौदा सीसी आणायचे कुठून? आपल्याकडे पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तो पॅकिंग काढण्याचा किंवा सिलिंडर खालून कापण्याचा. ९५ च्या बोअरला एक मिलिमीटर उतरवले की सात सीसी कमी होतात. सिलिंडरखालचे पाव मिलिमीटरचे पॅकिंग काढले तर पावणेदोन सीसी. त्याने साडेआठाचे ८.७ होतात, बस्स. अधिक उतरवावे तर पिस्टनचा काठ आणि हेड यांच्यात गरम झाल्यावर अंतरच उरत नाही. हे अंतर थंड इंजिनात एक मिलिमीटरहून कमी असू नये, असा या इंजिनाच्या जाणकारांचा जुना दंडक आहे. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातही इनटेकला दीड आणि एक्झॉस्टला दोन मिलिमीटर लागतात. शिवाय या इंजिनात तीन हेडांवर मिळून एकच कॅमचे घर बसते. एक सिलिंडर जरी दुसऱ्यापेक्षा कमी उंचीचा झाला तरी ते घर वाकडे बसते आणि कॅम अडकतो. सगळे सारखे उतरवले तरी कॅमचे टायमिंग नव्याने लावावे लागतेच. तेव्हा लेथवर कापून मोठा रेशो या इंजिनात मिळतच नाही. त्याला उंच डोक्याचे नवे पिस्टन विकत घ्यावे लागतात, आणि ते परदेशातून येतात.

इथे लेथवाल्या बंधूंना एक सूचना, जरा वाट सोडून. या गाडीचे सिलिंडर आपल्या नेहमीच्या लोखंडी सिलिंडरसारखे समजून रिबोअरला चढवू नका. काहींना आतून निकासिल नावाचा निकेल-सिलिकॉन कार्बाईडचा मुलामा असतो, काही अल्युसिल नावाच्या सिलिकॉनयुक्त ॲल्युमिनियमचे असतात. मुलाम्यावर बोअरिंगचे हत्यार फिरले की सिलिंडर भंगारात. अल्युसिलला नेहमीचे होनिंग चालत नाही, आणि एका जातीचा पिस्टन दुसऱ्या जातीच्या सिलिंडरात चालत नाही. कोणता माल समोर आहे हे समजेपर्यंत तो कापडात गुंडाळून ठेवावा. ‘माहीत नाही’ म्हणण्यात कमीपणा नाही.

मोजणीकडे येतो. यासाठी लागणारे सामान एका दिवसाच्या मजुरीत बसते. कल्याणच्या प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून काचेची ब्युरेट, जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा मध्ये भोक पाडून, थोडे ग्रीस, आणि रंग घातलेले रॉकेल किंवा गिअरचे पातळ तेल. हेड उलटे ठेवायचे, प्लग आणि व्हॉल्व्ह जागेवर, काठाला ग्रीस लावून प्लास्टिक दाबायचे आणि भोकातून तेल सोडत जायचे. हवेचा बुडबुडा राहिला तर आकडा खोटा. मग सिलिंडर घ्यायचा. पिस्टन काठापासून बरोबर २० मिलिमीटर खाली आणला तर सपाट पिस्टनवर १४१.८ सीसी तेल मावायला हवे. जेवढे कमी मावले, तेवढे पिस्टनच्या डोक्याचे आकारमान. हेडची जागा, अधिक पिस्टन वर आल्यावर काठाशी उरणारी जागा, वजा पिस्टनचे डोके. ही झाली खरी उरलेली जागा. सातवी पास पोराला जमेल असे हे गणित आहे, पण ते सहा वेळा करावे लागते, आणि दरवेळी दोनदा.

आम्ही काका-पुतण्याने दोन दिवस लावून ते केले. पहिल्या सिलिंडरला हेड ९०, काठाची जागा साडेआठ, पिस्टनचे डोके ३२, उरले साडेसहासष्ट. कारखान्याच्या आकड्याशी तंतोतंत. पुतण्या म्हणाला, ‘‘उस्ताद, बाकीचे कशाला मोजायचे?’’ (दुकानात तो मला काका म्हणत नाही, हा आमचा नियम.) बाकीचे मोजले तेव्हा सर्वात कमी ६५.८ निघाले आणि सर्वात जास्त ६८.४. म्हणजे एक सिलिंडर ८.६ वर चालत होता आणि एक ८.३ वर. कधीतरी कुणीतरी दोन हेडांचे फेसिंग केले होते आणि उरलेल्यांना हात लावला नव्हता. मालकाला गाडी अडखळते असे जे वाटत होते त्याचे एक कारण हे असू शकते. साडेदहाच्या गोष्टी करण्याआधी सहाही सिलिंडर एका आकड्यावर आणणे हेच पहिले काम होते, आणि त्याला परदेशी पिस्टन लागत नाहीत.

आता मुख्य प्रश्न. समजा पैसे आहेत, पिस्टन मिळतात, मोजमापही बिनचूक केले. मग वाढवावे का, आणि किती?

वाढवण्याचा फायदा खरा आहे, पण लोक समजतात तेवढा नाही. पुस्तकी हिशेबाने साडेआठचे साडेनऊ केले तर इंधनातून निघणारे काम सुमारे तीन टक्क्यांनी वाढते. १८० अश्वशक्तीच्या इंजिनाला पाच-सहा अश्वशक्ती. एससी याच गाडीचे उदाहरण लोक उलटे सांगतात. युरोपातली १९७८ ची एससी १८० अश्वशक्तीची होती, १९८१ ची २०४ ची झाली आणि तिचा रेशो ९.८ होता, हे खरे. पण कारखान्याने सोबत टायमिंगही बदलले होते, आणि मुख्य म्हणजे आधीची गाडी ९१ ऑक्टेनवर चालत असे, तिला ९८ ऑक्टेनचे पेट्रोल बंधनकारक झाले. रेशोचा आकडा सगळे सांगतात, पेट्रोलचा आकडा कुणी सांगत नाही.

त्याहून बोलके उदाहरण १९७२ च्या मॉडेलचे आहे. तोपर्यंत ९११ चे इंजिन २.२ लिटरचे होते आणि त्यातल्या ‘एस’ जातीचा रेशो ९.८ होता. कारखान्याने स्ट्रोक ६६ वरून ७०.४ केला आणि रेशो ९.८ वरून साडेआठवर खाली आणला, गाडी साध्या पेट्रोलवर चालावी म्हणून. ताकद कमी झाली का? १८० ची १९० झाली. (बोअर ८४, आपल्या बुलेट ५०० एवढाच.) ज्यांनी हे इंजिन घडवले त्यांनीच बाजारातले पेट्रोल पाहून रेशो उतरवला, आणि आपण बाजारातले पेट्रोल न पाहता तो चढवायला निघालो आहोत.

पेट्रोलचा आणि रेशोचा संबंध काय, हे तरुण कारागिरांसाठी थोडक्यात सांगतो. प्लगच्या ठिणगीने आग एका टोकाला लागते आणि पसरत जाते. ती पोहोचण्याआधी दूरच्या कोपऱ्यातला वायू दाबाने आणि उष्णतेने तापत असतो. रेशो जास्त, हेड गरम, पेट्रोल हलके असे तिन्ही जमले की तो कोपरा आगीची वाट न पाहता आपणच भडकतो. यालाच आपण इंजिन ‘नॉक मारते’ म्हणतो. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात हेडचे तापमान पाणी आवरून धरते. हवेच्या इंजिनात ते काम पंखा आणि तेल करतात. ९११ चा पंखा इंजिनावरच फिरतो, म्हणजे शीळफाट्याला किंवा भिवंडी बायपासला ट्रॅफिकमध्ये गाडी उभी असताना, जेव्हा वाऱ्याची सर्वात जास्त गरज, तेव्हाच तो मंद फिरतो. पुढच्या मडगार्डमधला तेलाचा कूलर गाडी पळाली तरच वारा खातो. वर आणखी एक गोम अशी की बुलेटचा नॉक कानाला ऐकू येतो, या इंजिनात पंख्याच्या आवाजात तो बुडून जातो. कळते तेव्हा पिस्टन गेलेला असतो.

उंच डोक्याच्या पिस्टनची आणखी एक अडचण. हेड घुमटासारखे, प्लग एका बाजूला. पिस्टनचे डोके जेवढे उंच तेवढी आगीला मधली टेकडी ओलांडून पलीकडे जायला उशीर, आणि तेवढा दूरचा कोपरा तापायला वेळ. म्हणून शर्यतीच्या ९११ ला दर सिलिंडरला दोन प्लग देत. पुढे १९८९ च्या सुमारास आलेल्या ३.६ लिटरच्या इंजिनात कारखान्याने रेशो ११.३ केला तेव्हा रस्त्यावरच्या गाडीलाही दोन प्लग दिले, वर नॉक ऐकणारे सेन्सर लावले. मधल्या ३.२ लिटरच्या इंजिनाचा रेशो १०.३ होता आणि प्लग एकच, हे मला कुणीतरी दाखवून देईल. बरोबर आहे. पण त्याचे टायमिंग संगणक ठरवत असे, आणि तेही युरोपच्या हवेत, ९८ ऑक्टेनवर. आपल्याकडचेच पाहायचे तर बुलेट ३५० चा रेशो साडेआठवर गेला तो २००८-०९ च्या सुमारास आलेल्या नव्या इंजिनात. त्यासोबत नवे हेड, दोन प्लग आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन आले. कंपनीने केवळ पिस्टन बदलून तो आकडा गाठलेला नाही.

आजच्या पंपावर काय मिळते ते पाहू. बीएस-६ चे साधे पेट्रोल १ एप्रिल २०२० पासून किमान ९१ ऑक्टेनचे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले आणि आता बहुतेक पंपांवर तेच आहे. इथेनॉलने ऑक्टेन वाढते, हे निर्विवाद. पेट्रोलियम मंत्रालय ते ९५ सांगते. मोठ्या शहरांत महागडे १०० ऑक्टेनचेही मिळते, इंडियन ऑईलने ते डिसेंबर २०२० मध्ये आणले. यावरून काही गॅरेजवाले म्हणू लागले आहेत की आता बिनधास्त वाढवा. मला ते पटत नाही. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. जुन्या पेट्रोलसाठी लावलेल्या कार्बोरेटरमध्ये किंवा यांत्रिक इंजेक्शनमध्ये २० टक्के इथेनॉल गेले की मिश्रण सात-आठ टक्के पातळ होते, आणि पातळ मिश्रण जोर लावताना गरम चालते. ते पुन्हा जाडसर लावून घेतल्याशिवाय ऑक्टेनचा फायदा हातात येत नाही. जुन्या रबरी नळ्या आणि सील इथेनॉलला टिकत नाहीत, ते वेगळेच.

आणि पावसाळा. हौशी माणसाची मोटार जून ते सप्टेंबर झाकून उभी असते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. पाणी प्रमाणाबाहेर झाले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि वर जे पेट्रोल उरते त्यातून ऑक्टेन वाढवणारा भागच निघून गेलेला असतो. दसऱ्याला मालक पूजा करून गाडी काढतो, इंजिन नॉक मारते, आणि फोन मिस्त्रीला येतो. साडेआठच्या इंजिनाने हे एक वेळ सोसले असते, साडेदहाचे सोसणार नाही.

दुसऱ्याच्या आकड्यावर विसंबण्याचा धोका मला रोज दिसतो. मालक कुठल्यातरी थंड देशातल्या, डोंगरावरच्या कारागिराचा आकडा दाखवतो. उंचावर हवा विरळ, सिलिंडरात भरते कमी, म्हणून तिथे चालणारा रेशो आपल्याकडे चालेलच असे नाही. खडवली आणि मुंबई समुद्रसपाटीच्या जवळच्या, उन्हाळ्यात पारा चाळिशीकडे सरकतो, आणि गाडी जरा मोकळी पळवावी म्हटले की समोर कसारा घाट. आमच्या भागातल्या इंजिनाची परीक्षा तिथे होते.

म्हणून माझे मत असे. एक प्लग, पंपावरचे पेट्रोल आणि आमचे हवामान धरून या इंजिनाला नवाच्या पुढे नेऊ नये. साडेआठवर सहाही सिलिंडर सारखे आणून, व्हॉल्व्हचे गाईड आणि सीट नवे करून, तेलाचे कूलर आतून धुऊन आणि मिश्रण आजच्या पेट्रोलला लावून गाडी बांधली तर मालकाला जो फरक जाणवेल तो साडेदहाच्या कागदी आकड्यापेक्षा मोठा असेल. ज्याला साडेनऊ-दहा हवेतच, त्याने दुसऱ्या प्लगचे, त्यासाठी हेडमध्ये मशीनिंगचे आणि दुहेरी इग्निशनचे पैसेही बाजूला काढावेत, आणि टाकीत कायम १०० ऑक्टेन घालावे. अर्धे करून पूर्ण मागू नये.

यावर धंद्यातला एक जुना मित्र मला म्हणाला, ‘‘भाई, गिऱ्हाईक पैसे देतंय, तू नाही म्हणशील तर ते पुण्याला किंवा बंगलोरला जाईल. तुझ्या शहाणपणाने तुझ्या पोरांचं पोट भरणार आहे का?’’ या बोलण्यात तथ्य आहे. बिजलीच्या स्कूटर आणि रिक्षा वाढत आहेत, पेट्रोल इंजिनाचे रोजचे काम घटत आहे. येत्या काळात लेथ आणि हाताच्या हुनरला मोल राहील ते अशाच जुन्या यंत्रांत. हे काम सोडा असे मी कुणाला सांगणार नाही. पण या गिऱ्हाइकाला आपण दुधाच्या बुलेटवाल्यासारखे तोंडी उत्तर देऊन चालणार नाही. त्याचे इंजिन आपल्याकडे अमानत आहे आणि त्याचे नुकसान आपल्या आयुष्यभराच्या कमाईहून जास्त असू शकते. माझ्यावर बुलेटचा पिस्टन भरून देण्याची वेळ आली, ती मी निभावली. या सहांतला एक सिलिंडर फुटला तर मला लेथ विकावा लागेल.

तेव्हा मी आता काम घेण्यापूर्वी कागद करतो. सहाही सिलिंडरचे मोजलेले सीसी, त्यावरून निघालेला रेशो, पिस्टन आणि हेडमधले अंतर, आणि हे इंजिन कोणत्या पेट्रोलवर, किती टायमिंगवर चालवायचे आहे. खाली माझी आणि मालकाची सही. मोजणीचे पैसे वेगळे, काम पुढे होवो वा न होवो. आपले बरेच कारागीर इथेच मार खातात. दोन दिवस मोजणीत घालवतात, आणि बिलात फक्त फेसिंग आणि मजुरी लावतात. कित्येक जण बिलच देत नाहीत. मग मुंबईचा गॅरेजवाला तीच मोजणी आपल्या नावावर मालकाला विकतो. डॉक्टर तपासणीची फी औषधाच्या आधी घेतो, त्यात कुणाला गैर वाटत नाही.

कायद्याचीही एक बाजू कागदावर यावी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातल्या तपशिलात फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. रेशोने सीसी बदलत नाहीत, पण मोठ्या बोअरचे पिस्टन-सिलिंडर टाकले तर बदलतात, आणि उंच पिस्टनसोबत मोठा बोअर घेण्याचा मोह मालकांना फार असतो. शिवाय जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे. तिची अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. १९७८ ची एससी २०२८ साली पन्नास वर्षांची होईल. आज हौसेने केलेला बदल त्या वेळी आडवा येऊ शकतो, हे मालकाला आपण आधी सांगावे. निदान जुने पिस्टन, सिलिंडर आणि पॅकिंगसुद्धा खुणा करून, तेल लावून, खोक्यात भरून त्याच्या ताब्यात द्यावेत. आपल्याकडे जुना माल दुकानातच ठेवून घेण्याची जी रीत आहे ती या कामात चुकीची आहे.

ब्युरेट वापरायला माझ्या उस्तादांनी मला शिकवले नाही, कारण त्यांना ते कुणी शिकवले नव्हते. ते कान लावून टायमिंग लावत आणि सहसा चुकत नसत. पण त्यांचे इंजिन साडेसहा-सातच्या रेशोचे होते, त्यात चुकीला जागा होती. रेशो वाढतो तशी ही जागा आटत जाते. पुतण्याला मी सांगितले आहे की वहीत आकडा लिहिल्याशिवाय कोणतेही हेड फेसिंगला चढवायचे नाही, मग ते दूधवाल्याच्या बुलेटचे का असेना. त्याला हे कंटाळवाणे वाटते. मागच्या आठवड्यात मात्र त्याने एका पाण्याच्या पंपाचे हेड स्वतःहून मोजले आणि आधीच्या कारागिराने ते दोनदा घासल्याचे मला दाखवले.

एससीच्या मालकाला मी मोजणीचा कागद आणि माझे म्हणणे गॅरेजवाल्यामार्फत पाठवले आहे. मोजणीचे पैसे आले. साडेदहाचा हट्ट त्याने सोडला असे कळते, पण नऊचे पिस्टन मागवायचे की आहे तेच सारखे करून बसवायचे, याचा निरोप अजून यायचा आहे. सहाही सिलिंडर तोपर्यंत तेल लावून फडक्यात आहेत.